अँटेना उलटा लावलाय

धाकट्या भावाची मुलाखत असलेला माहितीपट मी तीनदा पाहिला. कौतुकानं नव्हे, चुका काढायला. आपल्या भागात टीव्ही कसा आला, हा विषय. नागपुरातल्या चार हौशी पोरांनी वर्गणी काढून केलेला. ते दिसतंच म्हणा! जुना ब्लॅक अँड व्हाइट दाखवायचा, तर समोर ठेवलाय रिमोटवाला रंगीत. मुलाखतभर पंख्याची घरघर. तीच ती कौलं चार वेळा. आणि गच्चीवरचा अँटेना चक्क उलटा! बारक्या दांड्या टीव्ही केंद्राकडे हव्यात, यांच्या भलतीकडेच. एवढंही कळू नये?

खरं सांगते, जळले मी. भावाच्या चेहऱ्याखाली पट्टी येते, 'साक्षीदार'. साक्षीदार म्हणे!

नागपूरजवळच्या खाप्याला, आमच्या गावी, आळीत पहिला टीव्ही आमच्याकडे आला. रविवारी सकाळी पौराणिक मालिका लागायची. आई टीव्हीपुढे उदबत्ती लावायची, आळीतली माणसं दाराशी चपला काढून बसायची, आणि हा सगळ्यांच्या पुढे मांडी ठोकून. मी थोरली, म्हणून गच्चीवर. अँटेनाचा दांडा ढिला होता. हात सोडला की खाली पडद्यावर नुसत्या मुंग्या.

"आलं का गा?" मी वरून ओरडायची.

"आलं! ताई, हलू नको वं!" हा खालून.

मालिकेतलं माझ्या वाट्याला एवढंच. दांडा धरून हात भरून यायचे, ऊन डोक्यावर चढायचं. मी खाली येईपर्यंत शेवटची नावं सरकत असायची.

आणि आता हा पठ्ठ्या डोळे पुसत सांगतो, "आमच्या घरी चित्र एकदम साफ यायचं." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. लगेच फोन लावला.

"पाहिलं का ताई? कसं वाटलं?"

मी एकूण एक चूक ऐकवली. तो हसला. "अवं, पोरांजवळ पैसाच नव्हता."

"अन् चित्र साफ कसं यायचं, ते काहून नाही सांगितलं?"

 तो अगदी साधेपणानं म्हणाला, "पण तुले वरच आवडे ना ताई? मी एकदा म्हटलं होतं, आज मी जातो. आई म्हणे, राहू दे, तिले टीव्हीचं काही नाही."

आई असं म्हणाली होती, हे मला आजवर माहीत नव्हतं. कुठून ऐकू येणार? मी वर होते.