मशीनची पूजा

परवा नांदुऱ्यात एका लाँड्रीवरून जाताना धुण्याच्या सोड्याचा वास आला आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या मायच्या हातांना कायम तो वास असायचा. एका खासगी दवाखान्याच्या चादरी तिनं अठरा वर्षं हातानं धुतल्या.

मी आठवीत असताना तिथं कपडे धुण्याचं मोठं मशीन आलं. पूजेला बोलावलं म्हणून माय ठेवणीतलं लुगडं नेसली, मलाही घेऊन गेली. तिनंच मशीनला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात मी.

प्रसाद हातात असतानाच मॅनेजर म्हणाला, "बाई, उद्यापासून येऊ नका."

"काऊन जी?" मायनं विचारलं. "मले शिकवा ना मशीन. मी शिकतो."

"बटणं दाबायला माणूस ठेवला आहे," तो हसत म्हणाला.

मायनं मशीनवर उडालेलं नारळाचं पाणी पदरानं पुसलं आणि निघाली. तेव्हा मला तिचीच लाज वाटली होती. तिला काढायचं त्यांचं आधीच ठरलं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

वाटेत ती एवढंच म्हणाली, "मंग पूजेले काऊन बलावलं वं?"

याचं उत्तर मला त्या माणसांकडून अजूनही हवं आहे.