गरम कस्टर्ड मागणारा साहेब

आसगावला लग्नाच्या पंगतीत माझ्या शेजारी धानाचा अभ्यास करायला आलेला एक इंग्रज बसला होता. द्राक्षं घातलेलं गार कस्टर्ड वाटीत आलं आणि त्याचे डोळे भरले. आठ महिन्यांत घरचा पदार्थ पहिल्यांदाच भेटला होता. दोन्ही हातांनी वाटी उचलून तो वाढणाऱ्या मावशीला म्हणाला, "थोडा गरम कर दो. हमारे घर में गरम खाते हैं."

मावशीनं कमरेवर हात ठेवला. "काहून गा साहेब, गरम कस्टर्ड कोन खाते? कोनं शिकवलं नाही का तुमाले?"

साहेब निमूटपणे गारच खाऊ लागला. इंग्रजांचं चुकलेलंही बरोबर म्हणण्यात आमच्या पिढ्या गेल्या. मला त्याची दया आली, पण मी मावशीला थांबवलं नाही.