मिठाचा कौल

आमच्या समोरच्या काकूंइतका मोठा स्वयंपाक करणारी आणि त्यातला थेंबही न चाखणारी बाई उभ्या आखातात दुसरी नव्हती. दोह्याच्या अल मुंतझा भागातल्या जुन्या इमारतीत त्यांचं आणि आमचं दार समोरासमोर आहे. काकू मूळच्या अलिबागकडच्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. थोरली बहीण लग्न होऊन इस्राएलला गेली, तेव्हा तरुणपणी काही वर्षं त्याही तिच्या घरी राहून आल्या. तिच्याकडून शिकलेलं जेवण आता त्या इथे पार्ट्यांना पुरवतात. टोमॅटोत शिजलेली अंडी, तिळाच्या वाटणातली भाजलेली वांगी, आणि रव्याच्या पारीत खिमा भरून बिटाच्या आंबट रश्शात सोडलेले कुब्बे. डब्यावर देशाचं नाव नसतं. कोणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं, "माझ्या ताईच्या घरचं आहे." ताईला जाऊन बरीच वर्षं झाली, हे मात्र त्या सांगत नाहीत, कारण त्यांच्या मते ती गोष्ट तितकीशी खरी नाही.

चव घ्यायची वेळ आली की काकू गॅस बारीक करत, मान तिरकी करत आणि हळूच विचारत, "ताई, मीठ?" मग थांबत. कधी "चिमूटभर म्हणतेय" म्हणून मीठ टाकत, कधी नुसत्याच हसत. एकदा ताईशी मिरीवरून वाद झाला, तर सबंध दुपार त्या भांडी आदळत होत्या. काका सोफ्यावरून मला म्हणाले, "त्या दोघींच्या मध्ये मी पडत नाही. लग्नाच्या आधीपासूनचं आहे ते."

मी हे सगळं हसण्यावारी नेत असे. मग अल दुहैलमधल्या एका मराठी कुटुंबाकडे नातवाच्या पहिल्या वाढदिवसाचं जेवण होतं, तेव्हा मी काकूंच्या घरी मदतीला गेले. भर दुपारची वेळ. काकू खाली ड्रायव्हरशी बोलायला गेल्या होत्या आणि स्वयंपाकघरात मी एकटीच होते. रस्सा मला अळणी वाटला, म्हणून मी मीठ उचललं. तेवढ्यात पाठीमागून कोणीतरी म्हणालं, "पुरे." आवाज जरा वैतागलेला, वयस्क बाईचा. मी वळून पाहिलं. फरशीवर लख्ख ऊन पडलेलं, बाकी कोणी नाही. माझ्या हातातलं मीठ ओट्यावर सांडलं. काकू वर आल्या, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "बोलली वाटतं तुला. दुसऱ्याचा हात चालत नाही तिला."

त्या जेवणाला यजमानांच्या शेजारची एक इराकी आजी आली होती. कुब्ब्याचा पहिला घास घेतला आणि ती थांबलीच. नातीने तिचं बोलणं इंग्रजीत सांगितलं. बगदादला तिच्या लहानपणी शेजारी एक यहुदी कुटुंब होतं, त्यांच्याकडे अशीच चव असायची. एक दिवस ती माणसं घर सोडून निघून गेली. काकू म्हणाल्या, "ताईला हे बगदादहून आलेल्या शेजारणीनेच शिकवलं होतं." आजीने डोळे पुसले. मग सहज विचारलं, "तुमच्या गाडीत ती बाई बसली आहे, तिला जेवायला का नाही बोलावलं?"

गाडीला कुलूप होतं. ड्रायव्हर आमच्यासमोर जेवत होता.

काकूंनी एवढंच विचारलं, "निळा झगा आहे का अंगात?" नातीने विचारलं. आजीने होकारार्थी मान हलवली.

दुसऱ्या दिवसापासून ताई बोलेनाशी झाली. काकू पातेल्यापाशी उभ्या राहून विचारायच्या, वाट पाहायच्या आणि गॅस बंद करायच्या. ऑर्डरी परत गेल्या. मग एका शुक्रवारी त्या आजीनेच नातीकरवी त्यांना बोलावून घेतलं. मी सोडायला गेले होते. आजी अरबीत आणि काकू मराठीत बोलत होत्या, कोणालाच दुसरीचं काही कळत नव्हतं, आणि तरी निवडलेल्या पार्स्लीचा ढीग वाढत होता. परतताना काकू म्हणाल्या, "ताई आता तिकडेच असते. म्हातारीला सोबत नाही ना. माझी भेट शुक्रवारी होते." त्यानंतर धंदा पुन्हा सुरू झाला. बाकीचे दिवस त्या स्वतःच चव बघतात, आणि मीठ जरा जास्तच पडतं.

या वर्षी नाशिकला माझी आई गेली. मला वेळेवर पोचता आलं नाही. काकूंना मी म्हटलं, मी रोज ओट्यापाशी कान देते, पण एसीच्या घरघरीशिवाय काही येत नाही. काकूंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"घाई करू नको," त्या म्हणाल्या. "नुकती गेलेली माणसं आधी थोडं झोपतात. आयुष्यभराचं जागरण असतं त्यांचं."