दाराबाहेरचे बूट

कऱ्हाडपासून बंगळूरपर्यंत रेल्वेत मी आबांना खोटं बोलायला शिकवत होते. तेही डब्यातल्या चार माणसांदेखत. शाळेत वीसेक वर्षं मुलांना "खरं बोला" म्हणून ओरडणारी मी! "श्रीलंकेत पहिल्यांदाच येताय का?" असं मी साहेबी आवाजात विचारायचं आणि आबांनी "येस सर, फर्स्ट टाइम" म्हणायचं, असा आमचा सराव चालला होता. दोनदा ते नीट म्हणाले. तिसऱ्यांदा थांबले.

"आगं, पर खोटं हाय की ते."

"असू दे आबा. तेवढंच म्हणायचं. पुढं काय बोलायचं न्हाई."

"बरं," असं म्हणून ते खिडकीबाहेर बघत बसले. त्यांचं "बरं" मला लहानपणापासून ठाऊक आहे. त्याचा अर्थ होकार असा क्वचितच होतो.

माझे वडील फौजेत ड्रायव्हर होते. मी दुसरीत असताना त्यांची पलटण श्रीलंकेला गेली. तिथं यादवी चालली होती आणि शांतता राखायला म्हणून आपलं सैन्य गेलं होतं. आबा मद्रासहून बोटीनं त्रिंकोमालीच्या बंदरात उतरले आणि दीड वर्षानं परत आले. पुढं हवालदार म्हणून निवृत्त होऊन गावी ऊस करायला लागले. तिथलं त्यांनी आम्हाला कधी काही सांगितलं नाही. विचारलं तर "नारळ लय हायत तिकडं" एवढंच.

एक खोड मात्र ते तिकडून घेऊन आले. कुठंही आत जायचं तर पायतान दाराबाहेर काढायचं. घरात सगळेच काढतात, पण आबा गोठ्यातसुद्धा अनवाणी जायचे. बँकेच्या दारात चप्पल काढायचे, साखर कारखान्याच्या हापिसात काढायचे. एकदा कारखान्याच्या दारातून त्यांची चप्पल कुणीतरी उचलली आणि ते तसेच भर उन्हात घरी आले. आई म्हणायची, "म्हशीचं काय देऊळ हाय व्हय?" आम्ही पोरं खो खो हसायचो. आबा रागवायचे नाहीत, पण हसायचेही नाहीत.

आई गेल्याच्या दुसऱ्या वर्षी एकदा जेवताना ते म्हणाले, "मला एकदा तिकडं जायचंय. साध्या कापडात." कशाला, ते सांगेनात. विमानाचं नाव काढलं तर, "बोटीनं गेलतो, बोटीनंच जानार." उभ्या आयुष्यात या माणसानं माझ्याकडं काही मागितलेलं मला आठवत नव्हतं. मी सांगलीला माझ्या घराजवळच्या एका सहलवाल्याकडं गेले. चेन्नईहून त्रिंकोमालीला प्रवासी बोट जाते हे मला तिथंच कळलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि आवाज बारीक केला.

"मॅडम, जुनं काही काढू नका. तिथल्या लोकांच्या मनात काय असेल सांगता येत नाही. शंका आली तर उतरूच देणार नाहीत. सगळे फिरून येईपर्यंत बोटीवर बसून राहावं लागेल."

त्या वाक्यावरूनच मी आबांना "फर्स्ट टाइम" शिकवायचं ठरवलं. सत्तरीच्या माणसानं एकच गोष्ट मागावी आणि ती अगदी धक्क्याशी येऊन हुकावी, ही कल्पनाच मला सोसत नव्हती.

बोट म्हणजे एक गावच होतं. पोहायचा तलाव, गाणी, नाच, चोवीस तास काही ना काही खाणं. आबांनी यातलं काहीही बघितलं नाही. वरच्या मजल्यावर एका खुर्चीत समुद्राकडं तोंड करून बसले ते बसलेच. दुसऱ्या दिवशी सकाळी जमीन दिसायला लागली तसे उठून कठड्याला धरून उभे राहिले.

"तोच डोंगर," ते म्हणाले.

उतरायला मजल्यांप्रमाणे पुकारा होत होता. खाली धक्क्यावर पत्र्याची लांबलचक शेड होती. तिच्यात आधी पासपोर्ट तपासणारी टेबलं, त्यापुढं कस्टमचं सामान तपासायचं यंत्र आणि पलीकडं फाटक. फाटकाबाहेर रस्ता, रिक्षा, नारळाची झाडं दिसत होती. इतकं जवळ होतं सगळं. मी पासपोर्ट, ऑनलाइन काढलेल्या परवानगीचा कागद आणि बोटीचं कार्ड चौथ्यांदा तपासत होते. आमच्यापुढं तीन-चार माणसं उरली तेव्हा माझी नजर खाली गेली. आबा अनवाणी होते.

"आबा! बूट कुठायत?"

"दाराशी काढलेत."

"का पन?"

"आत आलो न्हवं आता."

मी कपाळावर हात मारला. प्रवासासाठी म्हणून मुद्दाम साताऱ्याला जाऊन घेतलेले कोरे पांढरे बूट! मी वळून आणायला निघणार तोच शिट्टी वाजली. दाराशी एक पहारेकरी त्या बुटांपासून चार हात लांब उभा होता आणि दुसरा लोकांना मागं सारत होता. परक्या देशाच्या बंदरात बेवारस वस्तू सापडली होती, आणि ती आमची होती! "कुणाचे आहेत?" असं त्यानं इंग्रजीत ओरडून विचारलं, तर आबांनी निवांत हात वर केला.

"माय, सर."

अख्खी रांग आमच्याकडं बघायला लागली. बूट दोन बोटांत धरून कस्टमच्या यंत्राकडं नेले गेले. तिथल्या बाईनं ते यंत्रातून दोनदा काढले, आतले सोल उचकटून बघितले. आम्हाला रांगेतून बाहेर काढून शेवटच्या टेबलाशी उभं केलं.

तिथला साहेब पन्नाशीचा, शांत चेहऱ्याचा होता. बूट का काढले, असं त्यानं इंग्रजीत विचारलं. मी लगेच सुरुवात केली, "सर, ही इज ओल्ड मॅन, आमच्याकडं अशी पद्धत..." त्यानं मला हातानं थांबवलं आणि आबांकडं बघितलं. त्याला थोडं हिंदी येत होतं.

आबा म्हणाले, "किसी के घर में जूता पहन के नहीं जाते, साब."

"घर? ये तो पोर्ट है."

"आपका तो घर है, साब."

साहेबानं आबांचा पासपोर्ट उघडला. सगळी पानं कोरी. आणि मग तो प्रश्न आला, ज्याच्यासाठी मी रेल्वेभर घसा कोरडा केला होता.

"फर्स्ट टाइम इन श्रीलंका?"

मी आबांकडं डोळे वटारून बघत होते. त्यांनी टाचा जुळवल्या. अनवाणी टाचा.

"नो सर. सेकंड टाइम."

साहेबानं पानं पुन्हा चाळली. आधीचा पासपोर्ट कुठाय, त्यानं विचारलं.

"पासपोर्ट नहीं था, साब. वर्दी थी."

मग मोडक्या हिंदीत, हात सरळ खाली ठेवून आबा बोलले. मी हे पहिल्यांदाच ऐकत होते. ते पाण्याचा टँकर चालवायचे. माणसं कमी पडली की त्यांनाही घरांच्या झडतीला न्यायचे. एका घरात ते थेट चुलीपर्यंत गेले, पायांत बूट तसेच. एक म्हातारी सुपात तांदूळ निवडत बसली होती. ती बंदुकीकडं बघेना, त्यांच्या तोंडाकडं बघेना, नुसती बुटांकडं बघत राहिली. झडतीत काहीच मिळालं नाही. "मेरी माँ जैसी थी, साब," एवढं बोलून आबा थांबले.

साहेब दोन्ही पासपोर्ट घेऊन उठला आणि आतल्या खोलीत गेला. दार लागलं.

संपलं सगळं, असं मला वाटलं आणि वाटलं तसा राग उसळला. "एवढं घोकून घेतलं तुमच्याकडनं! एक शब्द बोलायचा होता, आबा. आता बसा बोटीवर!"

आबा माझ्याकडं न बघता हळूच म्हणाले, "पयल्यांदा तसा शिरलो. आता खोटं बोलून शिरू का?"

मला तिथल्या तिथं लाज वाटली. गोठ्याच्या दारात काढलेली चप्पल आठवली, आमचं खो खो हसणं आठवलं. मी त्यांचा हात धरला. तो घामानं ओला होता. हा माणूसही घाबरलेला आहे, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. घाबरूनही तो खरंच बोलला होता.

दहा मिनिटं गेली असतील. दार उघडलं. साहेब खुर्चीत बसला, शिक्का उचलला आणि ठप्प करून त्या कोऱ्या पानावर मारला. मग माझ्या पासपोर्टवर.

"थर्टी डेज," तो आबांना म्हणाला. "तीस दिन रह सकते हो."

बोट संध्याकाळी पाचला सुटणार होती, तरीही ते तीस दिवस मला केवढे वाटले! जीव भांड्यात पडला. मी त्याला "थँक्यू" किती वेळा म्हटलं कोण जाणे. आबांनी फक्त मान लववली.

कस्टमच्या बाईनं बूट परत दिले. आबांनी ते पायांत न घालता हातात घेतले आणि फाटकातून बाहेर पडले. डांबर तापलं होतं. दहा पावलं गेलो असू, तेवढ्यात मागून हाक आली. तोच साहेब शेडच्या दारात उभा होता.

"अंकल! जूता पहनो! रास्ता गरम है!"

आबा वळले. हातातले बूट वर धरून त्यांनी नुसत्या मानेनं विचारलं. त्यानं हसून हात हलवला, "पहनो, पहनो."

आबा रस्त्याकडेच्या कट्ट्यावर बसले. गुडघ्यांमुळं त्यांना वाकता येत नाही, म्हणून मी खाली बसून बूट चढवले आणि नाड्या बांधायला लागले. माझे डोळे भरून आले होते. मान खाली होती, ते एक बरं झालं.

"घट बांध," आबा वरून म्हणाले. "आता घरच्यांनीच सांगितलंय."