पास्कलची क्लॅरिनेट आणि नवे फादर

फुंकायची वेताची पट्टी, रीड, ओली करून पास्कलनं क्लॅरिनेट तोंडाला लावली आणि न फुंकताच खाली घेतली.

"मास्तर, उद्यापासून मी येत नाही."

बळीरामपेठेतल्या आमच्या प्रॅक्टिसच्या खोलीत सगळे जमले होते. लगीनसराई तोंडावर आली होती, तारखा भरल्या होत्या. मला वाटलं, दुसऱ्या बँडनं फोडला. आमच्या धंद्यात हे नेहमीचंच.

"कुठल्या बँडनं बोलावलं?"

"कुठल्याच नाही. फादरनी सांगितलंय. बँड सोडला नाही तर पोरीचं, रोझीचं लग्न चर्चमध्ये लागणार नाही."

मी हसलो. मला खरंच ती गंमत वाटली. मग पास्कलच्या तोंडाकडे बघितलं.

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. जळगावात माझा लग्नाचा बँड होता. लोकांना बँड म्हणजे गोंगाट वाटतो, म्हणून थोडं सांगतो. वरातीत गाण्याचे शब्द क्लॅरिनेट म्हणते. ट्रंपेट तिला उत्तर देतं, बाकीचे तिच्या मागे चालतात. म्हणजे क्लॅरिनेटवाला हा बँडचा गळा. आमचा गळा पास्कल होता. त्याचे वडील गोव्याहून भुसावळला रेल्वेत आले. पास्कल लहानपणी चर्चमध्येच नोटेशन वाचायला शिकला. सिनेमाचं नवीन गाणं तो दोनदा ऐकायचा आणि कागदावर उतरवून प्रत्येकाला त्याचा भाग वाजवून शिकवायचा. आमच्यात नोटेशन येणारा तो एकटा. मला मास्तर म्हणायचे, पण बँड बसवायचा तो.

आणि हाच पास्कल दर रविवारी चर्चमध्येही वाजवायचा. आधीचे म्हातारे फादर संगीताचे शौकीन होते. रोमहून परवानगी आली, प्रार्थना आपापल्या भाषेत करा, आपली वाद्यं वापरा, तेव्हा त्यांनी पास्कललाच बसवून मराठी गीतांना चाली करून घेतल्या. चर्चच्या सणाला मिरवणूक निघायची, तिच्यात आमचा अख्खा बँड असायचा. ढोलावर भिका पाटील, ट्रंपेटवर इस्माईल. फादर स्वतः आम्हाला चहा आणि केक द्यायचे. कोणाचा धर्म बाटला नाही.

मग ते गेले आणि नवे आले. नव्या फादरनी गणपतीच्या मिरवणुकीत पास्कलला पुढे वाजवताना पाहिलं. तिथून सुरू झालं. आधी चर्चमधलं वाजवणं बंद केलं, मराठी चाली बंद केल्या. आणि आता रोझीचं लग्न. कॅथलिक लोकांत लग्नाआधी काही रविवारी नवरा-नवरीची नावं चर्चमध्ये जाहीर करावी लागतात. कोणाची हरकत असेल तर सांगा, म्हणून. ती जाहीर केली नाहीत तर लग्न अडतं. फादरनी नेमकं तेच अडवून धरलं होतं.

"मास्तर, आपन बठ्ठा जासूत," भिका म्हणाला. "त्यानं काय चुकनं? वाजाडं, इतलंच ना?"

सगळे गेलो असतो तर मोर्चा दिसला असता. मी एकटाच गेलो.

फादर उंच, सडपातळ, पांढरा झगा अगदी स्वच्छ. खुर्ची दिली, पाणी दिलं. बोलणं गोड.

"तुमच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तुम्ही तुमच्या धर्माप्रमाणे वागता. पास्कल माझ्या कळपातला आहे."

"फादर, तो वाजवतो. पूजा करत नाही."

"मूर्तीपुढे वाजवतो. दारू प्यालेल्या पोरांपुढे, अंगविक्षेपाची गाणी वाजवतो. आणि तेच वाद्य घेऊन वेदीसमोर यायचा."

"दारू नवरदेवाचे मित्र पितात. क्लॅरिनेट पीत नाही."

ते हसले नाहीत. "त्याच्या आत्म्याचा जाब मला द्यायचाय."

"रोमनंच परवानगी दिली ना आपल्या वाद्यांना?"

"परवानगी आहे. सक्ती नाही."

"मग वाजवू देऊ नका चर्चमध्ये. तो तुमचा हक्क. पण बाहेर तो काय करतो, त्यात पोरीचं लग्न का ओढता? शिक्षा कोणाला, बापाला की पोरीला?"

"मी शिक्षा करत नाही. मी त्याला परत बोलावतोय. एका डाळ मिलमध्ये त्याच्या कामाचंही बोलून ठेवलंय. रविवारी सगळ्यांसमोर उभं राहून त्यानं सांगावं की हे वाजवणं सोडलं. बस."

"सगळ्यांसमोर कशाला? तुम्हाला सांगितलं तर पुरत नाही?"

"लोकांनी त्याला रस्त्यावर पाहिलंय. लोकांनीच ऐकायला हवं."

मी उठलो. माझे कान तापले होते. त्या माणसाला राग आलेला नव्हता, हेच मला सहन होत नव्हतं. चिडून बोलला असता तर मी भांडलो असतो. तो शांतपणे एका कलावंताचा गळा कापत होता, आणि त्याला वाटत होतं, आपण औषध देतोय.

दुसऱ्या दिवशी रोझी स्वतः खोलीवर आली. ती सरकारी दवाखान्यात नर्स होती, स्पष्ट बोलणारी.

"काका, बाबाला सांगा सोडू नको. आम्ही रजिस्टर लग्न करतो. माझी तयारी आहे, होणाऱ्या नवऱ्याचीही आहे."

"मग अडलं कुठे?"

"त्याच्या आईपाशी. चर्चमध्ये नाही लागलं तर ती या लग्नाला लग्नच मानणार नाही. आणि माझी आई रोज रडते."

मी पास्कलला म्हटलं, भुसावळच्या चर्चमध्ये विचार. तो म्हणाला, तिथून इथल्याच फादरचा कागद मागतात. मी म्हटलं, वरच्यांकडे तक्रार कर. तो म्हणाला, "मास्तर, तोवर पोरीचं वय काय थांबतं का?"

त्या रविवारी मी, भिका आणि इस्माईल चर्चच्या मागच्या दाराशी जाऊन उभे राहिलो. आम्हाला कोणी अडवलं नाही. प्रार्थना संपली. फादरनी खूण केली. पास्कल पुढे गेला. लग्नाच्या सीझनमध्ये लाल कोट घालून हजार माणसांपुढे ताठ चालणारा माणूस, साध्या पांढऱ्या शर्टात खांदे पाडून उभा होता.

"मी बँडमध्ये वाजवायचं सोडलं आहे," तो म्हणाला. "माझं चुकलं."

फादर म्हणाले, "जरा मोठ्यानं. मागे ऐकू गेलं नाही."

आम्ही मागेच होतो. आम्हाला ऐकू आलं होतं.

पास्कलनं पुन्हा तोंड उघडलं. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं रोझी उठली. पुढे जाऊन बापाच्या शेजारी उभी राहिली.

"ऐकू आलं, फादर," ती म्हणाली. "सगळ्यांना आलं. आता पुन्हा नाही."

बरेच जण खाली बघत होते. फादर पुढच्या सूचना वाचायला लागले. पुढच्या रविवारपासून नावं जाहीर झाली. लग्न लागलं. आम्ही सगळे गेलो, युनिफॉर्म न घालता, पाहुणे म्हणून. वाजवलं कोणीच नाही. एका क्लॅरिनेटवाल्याच्या एकुलत्या एका पोरीचं लग्न मुकं लागलं. भिका बाहेर येऊन म्हणाला, "मास्तर, मयतलाबी याहून जास्त वाजाडतस." मला त्याला गप्प बसवावंसं वाटलं नाही.

त्या सीझनला मी अमळनेरहून एक क्लॅरिनेटवाला आणला. धुळ्याला देवपुरात एका मारवाडी घरचं मोठं लग्न होतं. शेटजींनी वरात अर्ध्यात थांबवली. "मास्तर, पिछली बार वाला कुठे आहे? आमची बहू त्याच्या बाज्यावर घरात आली, आता मुलगी त्याच्या बाज्यावर जायला पाहिजे." मी म्हटलं, त्याची तब्येत बरी नाही. खरं सांगितलं असतं तर शेटजींना कळलंच नसतं. मला तरी कुठे कळलं होतं?

पास्कल डाळ मिलमध्ये लागला. तिथे तुरीची भुकटी दिवसभर हवेत असते. त्याला खोकला लागला. क्लॅरिनेट तो घरीही वाजवेना. शब्द दिला म्हणजे दिला, म्हणायचा. रीडवर ओठांचा जो दाब लागतो तो फक्त रोजच्या वाजवण्यानं टिकतो. सोडलं की ओठ जातो, असं आम्ही म्हणतो. गेलेला ओठ त्या वयात परत येत नाही.

काही वर्षांनी ते फादर बदलून गेले. त्यांच्या जागी एक तरुण फादर आले, नगरकडचे, मराठी घरातले. आल्या आल्या त्यांनी चर्चमध्ये तबला आणला, ढोलकी आणली. आणि एके दिवशी माझ्या खोलीवर आले.

"मास्तर, पूर्वी इथे मराठी गीतांना चाली करणारे कोणी पास्कल होते म्हणे. आम्हाला ते हवेत."

मी त्यांना सरळ पास्कलच्या घरी घेऊन गेलो. पास्कलनं सगळं ऐकून घेतलं. मधे दोनदा खोकला.

"फादर, तुम्ही चांगले आहात," तो म्हणाला. "पण तुमच्यानंतर जे येतील ते काय म्हणतील, ते आधी विचारून या."

तरुण फादर माझ्याकडे बघायला लागले. त्यांना सगळी हकीकत माहीत नव्हती. रस्त्यात मी सांगितली. त्यांचे डोळे भरले. मला त्याचं काही वाटलं नाही.

"फादर, एक करा," मी म्हणालो. "ज्या जागी त्याला उभं करून वदवलं, त्याच जागी उभं राहून चर्चनं सांगावं, याचं काही चुकलं नव्हतं. मोठ्यानं. मागे ऐकू जाईल असं."

"मला वर विचारावं लागेल."

"त्याची मान खाली घालायला लावताना कोणाला विचारावं लागलं नव्हतं."

त्यांनी वर विचारलं असेल. भला माणूस होता. पण तो रविवार काही आला नाही. पास्कल वारला तेव्हा चर्चमध्ये तबला, ढोलकी, सगळं वाजलं. गीतं त्याच्याच चालींवर होती. कोणाच्या चाली, ते कोणी सांगितलं नाही. रोझी मोठ्यानं गात होती.

बाजा हवा आणि वाजवणारा नको, असं पुन्हा नको, म्हणून त्यानंतर मी एक नियम केला. देवळाची पालखी असो, उरूस असो, चर्चचा सण असो, तारीख घ्यायला माणूस आला की मी विचारायचो, "वाजवणाऱ्यांना आत बसवून जेवायला घालाल ना?" समोरचा अडखळला की मी तारखांची वही मिटायचो. काही तारखा गेल्या. बँड बुडाला नाही.