गणपती काढला, नंबर राहिले

ती केस आठवली की आधी तो बाप डोळ्यांसमोर येतो. पुनावळ्यातलं जुनं शेतकरी घर, आणि शर्टाच्या खिशात लेकीचा काढून घेतलेला मोबाईल. लेक वाकडला आयटी कंपनीत होती. कोणीतरी अनोळखी माणूस तिच्या ओळखीच्यांना फोन करून तिच्याबद्दल घाणेरडं बोलायचा. मामाला, मैत्रिणींना, ब्लाउज शिवणाऱ्या बाईलासुद्धा. बापाने तिची नोकरी बंद करून तिला घरी बसवलं होतं.

"साहेब, एवढे नंबर बाहेरच्याला कसे घावतील? हिनंच कुणाला तरी दिलं असणार," तो म्हणाला. "पोरीचा दोष हाय का न्हाई, तेवढं सांगा."

मला त्याचा रागच आला. ठाण्यात तक्रार घेऊन येणाऱ्या आईबापांचा पहिला संशय आपल्याच लेकीवर असतो, हे मी नोकरीभर पाहिलं.

फोन करणाऱ्याचं सिम गावी निघून गेलेल्या एका कामगाराच्या नावावर निघालं आणि तपास अडला. मग मी बापाला बाहेर बसवलं, महिला कॉन्स्टेबलला आत बोलावलं आणि पोरीला विचारलं, "फोन कुणाला आला नाही, ते सांग."

"आईला एकदाही नाही, सर. पण तिचा नंबर दसऱ्यानंतर बदललाय."

म्हणजे त्या माणसाकडची माहिती दसऱ्याआधीची होती. बापाला आत घेतलं आणि दसऱ्याच्या सुमारास घरातून काय बाहेर गेलं ते विचारलं.

"गाडी इकली की. हीच चालवायची."

"देताना काय काय काढून घेतलं?"

"गणपती काढला, लिंबू-मिरची काढली, सीट कव्हरं सुदिक काढली."

"आणि गाडीच्या स्क्रीनमधले नंबर?"

पोरीने कपाळावर हात मारला. तिचा मोबाईल रोज त्या गाडीला जोडलेला असायचा. सगळी नावं, नंबर आणि नकाशातला घराचा पत्ता तसाच नव्या मालकाकडे गेला होता.

जुन्या गाड्यांच्या एजंटाने खबर दिली, गाडी कुरुळीत एका लेबर ठेकेदाराकडे आहे. ती कायम त्याचा ड्रायव्हर चालवायचा, म्हणून त्याला उचललं. आधी "मला काय बी म्हाईत न्हाई" चाललं होतं. गाडी ठाण्याच्या आवारात आणून स्क्रीन लावला, पोरीच्या ओळखीच्यांची यादी समोर आली, तेव्हा तो कबूल झाला. गावी गेलेला तो कामगार याच ठेकेदाराकडचा, त्याने मागे टाकलेलं सिमही त्याच्याचकडे मिळालं. "नंबर चोरलं न्हाईत साहेब, गाडीतच व्हतं," तो म्हणाला. रीतसर गुन्हा दाखल झाला.

आता ओळखीत कोणी गाडी विकायला काढली की मी आधी स्क्रीनमधले नंबर पुसायला लावतो. लोक हसतात, हसोत बापडे. पण त्या केसने मला शिकवलं ते गाडीपुरतं नाही.

ड्रायव्हरला कोठडीत नेल्यावर बापाने खिशातला मोबाईल काढून लेकीपुढे धरला. "सोमवारपास्नं जा कामाला."

तिने तो घेतला. "दादा, मला एकदा तरी विचारायचं होतं," ती बापाला म्हणाली.

बाप मटकन बाकावर बसला आणि रडू लागला. गुन्हेगार मी शोधून दिला होता. या बोलण्यावर मात्र माझ्याकडे काही इलाज नव्हता.