चार मशिनी, पाच हार

निवृत्तीनंतर कुठं लग्नाकार्यात जाऊन बसलो की कोणीतरी खुर्ची ओढून जवळ येतो आणि विचारतो, "साहेब, नोकरीतली कोणती केस आजही आठवते?" त्याला खून ऐकायचा असतो, नाहीतर दरोडा. मी सांगतो, पोकलेन. ऐकणारा हिरमुसतो. हिरमुसू दे. खून मी पुष्कळ पाहिले, त्यातले निम्मे आरोपी दुसऱ्या दिवशी नातेवाइकांकडेच सापडतात. खरं डोकं लावावं लागलं ते खोदाईच्या त्या पिवळ्या धुडासाठी, आणि तेही ऐन दसऱ्याच्या बंदोबस्तात.

तेव्हा मी नागपुरात भंडारा रोडवरच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. हद्दीत गोदामं, ट्रकांचे तळ आणि जुन्या यंत्रांचं एक मोठं यार्ड. फायनान्सवाल्यांनी ओढून आणलेल्या पोकलेन, क्रेन, टिप्पर तिथं रांगेनं उभ्या असायच्या आणि लिलावात विकल्या जायच्या. लिलावाच्या आधी पाहणीचा दिवस असतो. घेणारे येतात, मशीन सुरू करून पाहतात, साखळ्यांखाली वाकतात, धुराचा रंग बघतात. मग बोली लागते मोबाइलवर. अट एकच, 'जसं आहे, जिथं आहे'. एकदा घेतली की तक्रार नाही. या अटीच्या आड किती पाप लपतं ते मला या प्रकरणानं दाखवलं.

एके सकाळी हजेरी घेऊन मी बाहेर आलो तर ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर पन्नाशीचा एक माणूस उभा. मौद्याकडच्या एका गावचा. उभा जन्म दुसऱ्यांच्या पोकलेन चालवण्यात गेलेला आणि आता पहिल्यांदाच स्वतःची लिलावात घेतलेली. जमीन विकून नव्हे, कर्ज काढून नव्हे, साठवून साठवून घेतलेली. तो अंमलदाराला सांगत होता, "साहेब, मी पाह्यली ती मशीन वेगळी, अन् हे देऊन राहिले ती वेगळी."

"नंबर काय सांगतो?" अंमलदारानं विचारलं.

"नंबर तोच हाय जी. मशीन दुसरी हाय."

अंमलदार हसला. खरं सांगायचं तर हसू मलाही आलं. यार्डाच्या मॅनेजरला बोलावलं, तो इस्त्रीचा शर्ट घालून फाइल घेऊन हजर. नंबराची पट्टी जुळते, सांगाड्यावर ठोकलेला नंबर जुळतो, पाहणीच्या वेळी यानं स्वतः इंजिन चालवून पाहिल्याची सही आहे. आता इंजिन जाम आहे, पंप मेला आहे, त्याला आम्ही काय करणार? "साहेब, हे रोजचंच आहे," मॅनेजर म्हणाला. "घेताना हौस अन् उचलताना पस्तावा. यांना सांगा, मुदतीत मशीन उचला. नाही उचलली तर सौदा रद्द आणि भरलेली रक्कम जप्त." मुदत दिवाळीपर्यंतची होती.

मॅनेजर गेल्यावर मी त्या माणसाला समोर बसवलं. म्हटलं, "तुझे पैसे परत मिळवून दिले तर चालेल का?"

त्यानं मान हलवली. "पैसे कायले साहेब? मले माही मशीन पाह्यजे. भल्ली गोड मशीन हाय ते. अर्धा तास चालवली मी, लोण्यासारखी फिरे."

तिथंच माझं मत झालं. खोटी तक्रार घेऊन येणाऱ्याचं बोट नेहमी पैशावर असतं. हा वेडा मशीन मागत होता. मी गुन्हा नोंदवून घेतला, आणि मशीनची जी जी खूण त्याला आठवली ती तक्रारीत उतरवून घेतली. बकेटच्या आतल्या बाजूला वेल्डिंगचं ठिगळ, आणि उजव्या हाताच्या दांड्यावर गुंडाळलेली निळी पट्टी. यार्डातल्या मशीनवर यातलं काहीच नव्हतं. मॅनेजर म्हणाला, पट्टी निघाली असेल. ठिगळ कसं निघालं, असं विचारलं तर त्यानं पुन्हा नंबराकडे बोट दाखवलं.

गावात तोवर त्याचं हसं झालं होतं. मेव्हणा म्हणे, तुले घ्यायची अक्कल नाही तर घेतली काहून? हे त्यानंच मला ठाण्याच्या पायरीवर बसून सांगितलं.

तपासाची पहिली गाठ सुटली ती यार्डाच्या फाटकावर. चौकीदाराला विचारलं, या लिलावात अशीच, याच कंपनीची आणि याच मापाची दुसरी पोकलेन गेली का? म्हणाला, गेली ना जी, एक डीलर घेऊन गेला. कागद पाहिले तर त्या दुसऱ्या मशीनची नोंद 'इंजिन जाम, पंप निकामी' अशी. म्हणून ती मातीमोल भावात सुटली होती.

"मग ट्रेलरवर क्रेननं चढवली असेल," मी म्हटलं.

"ना जी, क्रेन कायची? ते तं आपल्या पायानं चढली."

चौकीदाराला आपण काय बोललो ते कळलंही नाही. मी मात्र उभ्या जागी थबकलो. इंजिन जाम असलेली वीस टनांची मशीन स्वतःच्या पायानं ट्रेलरवर चढते? मेलेल्या मशीनची पट्टी जिवंत मशीनला लावली होती आणि ती भरदिवसा, पावती दाखवून, फाटकातून नेली होती. चौकीदारानं नंबर जुळवला आणि सलाम ठोकून सोडली. मागं राहिलं ते मढं आमच्या माणसाच्या गळ्यात.

कळणं वेगळं आणि सिद्ध करणं वेगळं. डीलर प्रताप नगरात राहणारा, गोड बोलणारा, जुन्या मशिनींच्या धंद्यात मुरलेला. जबाबात त्यानं शांतपणे सांगितलं, "साहेब, बॅटरी लावून, धक्का देऊन कशीबशी चढवली. वर चढली अन् तिथंच बसली. मग कापून भंगारात दिली. ही पावती." माझ्याकडे चारच मशिनी आहेत, म्हणाला, चारही कामावर आहेत, जाऊन पाहा. आम्ही पाहिल्या. चारच होत्या. त्याचं रिंग रोडवरचं आवार उलटंपालटं केलं. काही नाही. सांगाड्यावरचा नंबर खोडून नव्यानं ठोकला आहे का, हे तपासायला तज्ज्ञांना पत्र गेलं, पण तो अहवाल कधी येतो हे नोकरी केलेल्या कोणालाही विचारा. गडी ताकास तूर लागू देत नव्हता, आणि इकडे मुदत संपत चालली होती.

तेवढ्यात दसरा आला. नागपुरात दसरा म्हणजे पोलिसाला घर नाही. इकडे मिरवणुका, तिकडे दीक्षाभूमीवर अथांग माणूस. माझी ड्यूटी दीक्षाभूमीच्या एका रस्त्यावर. दुपारी त्या गर्दीतून पांढऱ्या कपड्यातलं एक जोडपं माझ्यासमोर येऊन थांबलं. तो आमचा तक्रारदार, सोबत बायको. "जय भीम साहेब," तो म्हणाला. मीही जय भीम म्हटलं. केसचं त्यानं एका शब्दानं विचारलं नाही. सणाच्या दिवशी साहेबाला कायले त्रास, असं त्याच्या मनात असावं. बायकोनं मात्र माझ्याकडे असं पाहिलं की मला माझ्या खांद्यावरच्या ताऱ्यांचा राग आला. ती दोघं गर्दीत गेली आणि मी उगाचच एका मोटारसायकलवाल्यावर ओरडलो.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात चहा घेताना आमचा जुना हवालदार कुरकुरत होता. दसऱ्याला ठाण्यात शस्त्रपूजा असते, त्याचे हार तो दरवर्षी महाल भागातल्या एका फुलवालीकडून आणतो. "यंदा मावशीनं मुंजीचे हार द्यावे तसे हार दिले जी," तो म्हणाला. "म्हटलं, काहून वं मावशी, पोलिसांच्या बंदुकी इतक्या गरीब झाल्या का? तं म्हणे, झेंडू सरला. प्रताप नगरच्या सेठच्या पोकलेनींचे हार केले, एकेक असा की दोघांनी धरून न्यावा. पाच केले म्हणे."

माझा कप बशीत आदळला. "कोणता सेठ?"

तोच. आणि पाच.

मी स्वतः महालात गेलो. गल्लीच्या तोंडाशी फुलवाली सुकलेल्या पाकळ्या झाडत होती. वर्दी पाहून बिचकली, मग हवालदाराला ओळखून सावरली. "चार अगोदर सांगितले होते साहेब," ती म्हणाली. "दरसालचेच. अन् दसऱ्याच्या सकाळी सेठ सोता आला. म्हणे, मावशी, अजून एक कर, तेवढाच लांब. म्या म्हटलं, येळ कुठं हाय बाप्पा? तं हात जोडून राहिला. म्हणे, नाही म्हणू नको."

हात जोडून! भंगारवाल्याची पावती दाखवताना ज्याचा आवाज हलला नव्हता, त्यानं एका हारासाठी हात जोडले होते.

संध्याकाळी डीलर माझ्यासमोर बसला होता. आवाज चढवायची किंवा टेबल बडवायची मला सवय नाही. चहा मागवला, धंद्याची चौकशी केली, पूजा कशी झाली विचारलं. खुलला. म्हणाला, चारही मशिनी धुतल्या, नारळ फोडले, ऑपरेटरांना कपडे दिले.

"हार?"

"झेंडूचे, साहेब. मोठे."

"किती?"

त्यानं कप खाली ठेवला. "चार."

"मावशी तर पाच म्हणते. सेठ, मशिनी चार अन् हार पाच. पाचवा कोणाले घातला?"

"घराच्या दाराले."

"दोघांनी धरून न्यावा एवढा? तुमच्या घराचं दार तरी पाहू द्या. चला, गाडी उभीच आहे."

प्रताप नगरात त्याच्या फ्लॅटच्या दारावर आंब्याच्या पानांचं वीतभर तोरण होतं. दार उघडायला आलेली त्याची बायको गोंधळून म्हणाली, "हार? आमच्याकडे कोणता हार?" हवालदार खाली मान घालून मिशीत हसला. डीलर मात्र जिन्यातच खाली बसला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

मी त्याच्या शेजारी पायरीवर बसलो. म्हटलं, "भंगारात कापलेल्या मशीनला कोणी हार घालत नाही, सेठ. कुठं आहे?"

तो म्हणाला, "साहेब, सगळ्या मशिनी सजल्या होत्या. ते एकटी अंधारात उभी, अंगावर बोटभर धूळ. वर्षाचा सण. तिनं काय पाप केलं? नाही राहवलं गा मले."

त्याला फसवणूक करताना राहवलं होतं. एका माणसाची आयुष्यभराची कमाई गिळताना राहवलं होतं. मशीन दसऱ्याला बिनहाराची राहते हे मात्र त्याच्यानं बघवलं नाही! मला त्याचा संतापही आला आणि, लपवत कशाला, थोडा जीवही तुटला.

पंचांसमक्ष त्यानं निवेदन दिलं, ठिकाण दाखवतो म्हणाला. मौद्याच्या पुढं एक बंद पडलेली भाताची गिरणी होती, तिचं शेड त्यानं भाड्यानं घेतलं होतं. दसरा उरकला की मशीन छत्तीसगडला जायची होती. कुलूप उघडलं तर आत झेंडूचा आंबूस वास आणि लख्ख धुतलेली पोकलेन. बकेटवर कुंकवाचं स्वस्तिक, गळ्यात सुकायला लागलेला हार. हार बाजूला करून पंचांनी बकेटच्या आत बॅटरी मारली. वेल्डिंगचं ठिगळ तिथंच होतं. उजव्या दांड्यावर निळी पट्टीही होती. रात्रीपर्यंत यार्डाचा मॅनेजरही आमच्या कोठडीत होता. नंबरांच्या पट्ट्या त्यानंच बदलून दिल्या होत्या आणि नंबर ठोकणारा कारागीरही त्यानंच आणला होता. त्याचा इस्त्रीचा शर्ट कोठडीत चांगलाच चुरगळला, आणि ते पाहून मला बरं वाटलं हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

गुन्हा उघड झाला, वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. पण मशीन आता मुद्देमाल झाली होती. कोणत्याही ठाण्याच्या आवारात जा, जप्तीच्या गाड्या गवतात सडत उभ्या दिसतील. खटला चालतो आणि इकडे गाडीला झाडं फुटतात. ही मशीन मी तशी सडू देणार नव्हतो. तक्रारदाराला वकील गाठून दिला आणि अर्जावर आमचं म्हणणं त्याच दिवशी पाठवलं, 'हरकत नाही' असं स्पष्ट लिहून. कोर्टानं मशीन सुपुर्तनाम्यावर सोडली. म्हणजे खटला संपेपर्यंत विकायची नाही, रंग बदलायचा नाही, बोलावू तेव्हा हजर करायची. पुढं डीलर आणि मॅनेजर, दोघांनाही शिक्षा लागली.

नवे अधिकारी मला तपासाचं गमक विचारतात. मी सांगतो, मोबाइलचे तपशील काढा, कॅमेरे तपासा, सगळं करा, पण आधी आरोपीचा धंदा शिका. त्या धंद्यातल्या माणसाला काय केल्याशिवाय चैन पडत नाही ते शोधा. माणूस जबाब पाठ करून येतो, सवय पाठ करून येत नाही. मी तेवढ्यावर पुष्कळ गुन्हे उघड केले आणि त्याचा मला अभिमान आहे.

मशीन सोडली त्या दिवशी आमचा तक्रारदार एकटाच आला होता. बायको शेतावर मजुरीला गेलेली. सुपुर्तनाम्यावर त्यानं एकेक अक्षर लावून सावकाश सही केली. मग तो केबिनमध्ये चढला आणि चावी फिरवली. काळा धूर आला, मग पांढरा, मग नुसता आवाज, एकसारखा. आवारातले शिपाई गोळा झाले. त्यानं तिथूनच बायकोला फोन लावला. इंजिनाच्या आवाजात ऐकू जाईना म्हणून ओरडून बोलत होता. "आयकून राहिली का वं? हो, सुरू झाली! आपली मशीन!"

पलीकडून तिनं काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही. त्यानं डोळे पुसले आणि पुन्हा ओरडला, "सेठची मेलेली नाही वं पगले, आपली! आपली घेऊन येऊन राहिलो!"